मुंबईत रूममेटसोबत घर घेताना: टोकन देण्याआधीपासून डिपॉझिट परत मिळेपर्यंत

मुंबईत नोकरी लागली आहे, पहिला पगार अजून हातात यायचा आहे आणि राहायची सोय मात्र आत्ताच लावायची आहे, अशा मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. एकट्याच्या पगारात बरं घर परवडत नाही, म्हणून तिघं-चौघं मिळून टू बीएचके घेतात. नीट जमलं तर ती वर्षं फार चांगली जातात. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवायची: या व्यवहारात करार दोन असतात. पहिला घरमालकाशी, तो कागदावर होतो. दुसरा रूममेटशी, तो बहुतेक वेळा होतच नाही, आणि भांडणं नेमकी त्याच्यावरून होतात. डिपॉझिटमध्ये कुणाचे किती, मध्येच कुणी सोडून गेलं तर भाडं कोण भरणार, एसीचं बिल कुणाच्या माथी. म्हणून या दुसऱ्या कराराला मी पुढे मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

आधी स्टेशन ठरवा

घरांचे फोटो बघत बसण्याआधी ऑफिसला जायचा रस्ता ठरवा. एक गाडी किंवा एक मेट्रो आणि थोडं चालणं एवढ्यात ऑफिस गाठता आलं पाहिजे. दोनदा गाडी बदलावी लागत असेल तर भाड्यात वाचलेले दोन-तीन हजार थकव्यात जातात. बीकेसीत किंवा वरळीत काम असेल तर आता मेट्रो-३ मुळे चित्र बदललं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली, त्यामुळे मरोळ नाक्याच्या बाजूला राहणाऱ्याला लोकलवर अवलंबून राहावं लागत नाही. महापे-ऐरोलीकडे ऑफिस असेल तर ट्रान्स-हार्बरवरचं घणसोली, कोपरखैरणे किंवा ठाणे बघा; अंधेरीत घर घेऊन तिकडे जाण्यात अर्थ नाही.

‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ असं जाहिरातीत लिहिलेलं असतं तेव्हा ती मिनिटं चालत आहेत की शेअर रिक्षाने, हे विचारा. घर पसंत पडायच्या बेतात आलं की एकदा कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला त्या स्टेशनवरून तुमच्या गाडीत खरोखर चढून बघा. डोंबिवली आणि विरारच्या बाबतीत हे न करता घर घेऊच नका.

शहरात नवीन असाल तर पहिल्याच आठवड्यात अकरा महिन्यांच्या करारात अडकू नका. महिनाभर पीजी किंवा कॉट बेसिसवर (खोलीतली फक्त एक खाट भाड्याने घेऊन) राहा, भाग पायाखाली घाला, मग घर शोधा. कोकणातल्या किंवा घाटावरच्या गावाचे असाल तर आपल्या ग्रामस्थ मंडळाची लालबाग-परळकडे खोली आहे का, हे गावातल्या जुन्या गिरणी कामगाराच्या घरी विचारून बघा. गिरण्यांच्या काळात गावकीच्या या खोल्यांवरच हजारो माणसं मुंबईत टिकली आणि त्यातल्या काही अजून आहेत. गोव्याकडच्यांसाठी धोबी तलाव, गिरगावच्या बाजूला गावागावांची कूड, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेली राहण्याची ठिकाणं, आहेत. सोयी साध्या असतात, पण सुरुवातीचे दिवस काढायला भरवशाचा आधार मिळतो.

पहिल्या दिवशी किती पैसे लागतात

समजा टू बीएचकेचं भाडं ४५,००० आहे, डिपॉझिट १,५०,००० आणि तुम्ही तिघं आहात. ब्रोकर साधारण एक महिन्याचं भाडं घेतो, म्हणजे ४५,०००. पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ ४५,०००. करार नोंदवण्याचा खर्च चारेक हजार धरा. बेरीज २,४४,००० होते, माणशी ८१ हजारांच्या वर. यात टेम्पो, गादी, गॅस, बादल्या काहीच धरलेलं नाही. ही रक्कम तिघांकडे एकाच आठवड्यात तयार आहे का, हे घर बघायला निघण्याआधी एकमेकांना स्पष्ट विचारा. ‘तू आत्ता भर, मी पगार झाल्यावर देतो’ असं म्हणणारा रूममेट पुढे दर महिन्याला तेच म्हणण्याची शक्यता असते.

ब्रोकरेज करार नोंदल्यावर द्यायचं, त्याआधी नाही. आणि करार वाढवताना पुन्हा ब्रोकरेज लागणार का, लागलं तर किती, हे पहिल्याच दिवशी विचारून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या.

घर शोधताना

ओळखीतून मिळालेलं घर सगळ्यात चांगलं. ऑफिसमधल्या ग्रुपवर टाका, कॉलेजच्या सीनियरना विचारा. वेबसाइटवर शोधताना एक फसवणूक ओळखून ठेवा: समोरचा माणूस स्वतःला सैन्यातला अधिकारी म्हणवतो, ‘माझी बदली झाली आहे, घर रिकामं आहे’ असं सांगतो, फोटो सुंदर असतात, भाडं बाजारापेक्षा कमी असतं, आणि घर दाखवण्याआधी गेट पाससाठी किंवा बुकिंगसाठी पैसे मागतो. कधी क्यूआर कोड पाठवून ‘स्कॅन करा, पैसे तुम्हालाच येतील’ म्हणतो. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पहिले काही तास फार महत्त्वाचे असतात.

समोर येणारा माणूस खरोखर मालक आहे का, हे बघायला वीजबिल, सोसायटीचं मेंटेनन्स बिल किंवा मालमत्ता कराचं बिल मागा आणि नाव जुळवा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर ‘सूची क्रमांक २’ (इंडेक्स टू), म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा, हेसुद्धा शोधता येतं. नाव आईचं आणि व्यवहार मुलगा करतोय, असं असेल तर करारावर सही आणि अंगठा आईचा किंवा रीतसर कुलमुखत्यारपत्र असलेल्याचाच हवा.

दोन प्रकारच्या घरांपासून मी लांब राहायला सांगेन. एक, झोपडपट्टी पुनर्वसनात मिळालेली घरं, कारण ज्याला घर मिळालं त्याला ते भाड्याने द्यायची मोकळीक नसते आणि तपासणी झाली की बाहेर तुम्ही पडता. दोन, पागडीची घरं. तिथे तुम्हाला खोली देणारा स्वतःच भाडेकरू असतो. मूळ मालकाच्या लेखी संमतीशिवाय त्याने पोटभाडेकरू ठेवला तर त्याचंच घर जाऊ शकतं.

घर बघताना

शक्य असेल तर घर पावसाळ्यात बघा. जुलैत भिंतीवर जे दिसतं ते जानेवारीत रंगाखाली झाकलेलं असतं. उन्हाळ्यात बघत असाल तर कपाटाच्या मागे, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर हात फिरवा. पापुद्रे, फुगवटे हाताला लागतात. रस्ता तुंबतो का हे वॉचमनला विचारा, ब्रोकरला नाही. पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ, हेही त्यालाच विचारा. मग स्वयंपाकघर आणि बाथरूमचे नळ एकाच वेळी सोडून धार बघा. तिघांना सकाळी सात ते साडेआठच्या मध्ये आंघोळ करायची असते, त्यामुळे गिझर चालतो का आणि बाथरूम किती, हा प्रश्न हॉलच्या सोफ्यापेक्षा मोठा आहे. बेडरूमचं दार लावून फोन लावून बघा.

सोसायटी आणि अटी

सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार मालकाला घर भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवायचं आणि नोंदलेल्या कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची, एवढंच. प्रत्यक्षात मात्र ‘बॅचलर चालणार नाहीत’, ‘मुली चालतील, मुलं नाही’ असं सोसायट्या सर्रास सांगतात. नियम बोट दाखवून वाचून दाखवला तरी रोज लिफ्टमध्ये भेटणारी माणसं तीच असतात. म्हणून टोकन (घर पक्कं करायला देतात ती छोटी आगाऊ रक्कम) देण्याआधी मालकालाच सेक्रेटरीशी बोलायला लावा: किती जण राहणार, मुलं की मुली, रात्री पाहुणे आले तर चालेल का. मांसाहाराचंही तेव्हाच स्पष्ट विचारा. मासे खाणाऱ्याने लपूनछपून राहावं लागेल असं घर कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नये. आपल्याच घरात खिडक्या बंद करून जेवायची वेळ कुणावर येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

टोकन पाच-दहा हजारांवर नको, ते मालकाच्या खात्यात जावं, आणि सोबत मालकाचा एक मेसेज हवा: सोसायटीने नकार दिला तर टोकन पूर्ण परत.

मालकाशी करार

अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी घर राहायला देण्याचा करार) लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय करार नोंदलेला नसताना वाद झाला, तर राहणारा ज्या अटी सांगेल त्या, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. हे मालकाला शांतपणे सांगितलं की तो बहुधा तयार होतो.

मुद्रांक शुल्क फार नसतं. पूर्ण मुदतीचं भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के. वरच्या उदाहरणात ४,९५,००० भाडं आणि १३,७५० व्याज, म्हणजे शुल्क साधारण १,३०० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. बाकी खर्च ऑनलाइन नोंदणी करून देणाऱ्या एजंटचा. तो बोटांचे ठसे घेण्याचं मशीन घेऊन घरी येतो, आधार क्रमांकावरून ओळख पटते, फोटो निघतो, दोन साक्षीदार लागतात. अंगठा लावण्याआधी मसुदा एक दिवस मागून घ्या आणि सगळ्यांनी वाचा.

वाचताना बघायचं काय? सगळ्यात आधी नावं. घरात राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव करारात हवंच. एकाच्या नावावर घर घेऊन बाकीचे ‘असेच’ राहतात, ही पद्धत फार रूढ आहे आणि फार वाईट आहे. ज्याचं नाव नाही त्याच्याकडे तिथे राहण्याचा पुरावा नाही, डिपॉझिटवर हक्क सांगायला कागद नाही आणि ऑफिसात एचआरए (घरभाडे भत्त्यावरची करसवलत) मागायला आधार नाही. ज्याचं एकट्याचं नाव आहे त्याच्यावर सगळ्या घराचं भाडं आणि नुकसान येतं. दोन्ही बाजूंनी तोटाच.

मग लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही) किती महिने, नोटीस किती दिवसांची आणि ती दोन्ही बाजूंना सारखी लागू आहे का. डिपॉझिट कधी परत मिळणार: ‘घराचा ताबा परत देताना, त्याच दिवशी’ असे शब्द हवेत. रंगकामासाठी एक महिन्याचं भाडं कापू असं कलम हळूच घातलेलं असतं, ते काढायला सांगा. वापराने होणारी साधी झीज नुकसान धरली जाऊ नये. सोसायटीचा मेंटेनन्स मालकाने भरायचा असं लिहा. पंखे, गिझर, एसी, गाद्या यांची यादी सोबत जोडा. डिपॉझिट ज्या व्यवहारांनी दिलं त्यांचे क्रमांक प्रत्येकाच्या नावापुढे यायला हवेत. आणि मुदत संपण्याची तारीख फोनमध्ये टाकून ठेवा, कारण मुदतीनंतर तसंच राहिलात तर मालक दुप्पट शुल्क मागू शकतो.

पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं हे मालकाचं काम आहे आणि ते ऑनलाइन होतं. तरी पावती मागून घ्या. पासपोर्टच्या वेळी आणि सोसायटीच्या गेटवर उपयोगी पडते.

एचआरएबद्दल थोडं. जुन्या करप्रणालीत असाल तरच याचा फायदा मिळतो. मालक तयार असेल तर प्रत्येकाने आपला वाटा आपल्या खात्यातून थेट मालकाला पाठवावा, म्हणजे पुरावा आपोआप तयार होतो. तुमचा वाटा वर्षाला एक लाखाच्या वर जात असेल तर मालकाचा पॅन लागतो, तो करारातच लिहून घ्या. एकच जण सगळं भाडं भरत असेल आणि ते महिन्याला ५०,००० च्या वर असेल, तर २ टक्के टीडीएस (भाड्यातून कापून सरकारला भरायचा कर) कापण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. हेही वेगवेगळं भरण्याचं एक कारण.

रूममेटशी करार

माणूस निवडताना स्वभाव लगेच कळत नाही, सवयी मात्र विचारून कळतात. पगार किती तारखेला होतो? नाइट शिफ्ट आहे का? वर्षभरात लग्न, परदेश, नोकरी बदलणं असं काही डोक्यात आहे का? एसी लावून झोपतो का? सिगारेट, दारू, पाहुणे, स्वयंपाक? एकदा सोबत जेवायला बसा आणि हे सगळं उघड बोला. जिवलग मित्रच हवा असं नाही. माझ्या मते वेळेवर पैसे देणारा आणि ओटा पुसून ठेवणारा अनोळखी माणूस, पैशाचं बोलायला संकोच वाटणाऱ्या मित्रापेक्षा बरा.

भाड्याची वाटणी खोलीप्रमाणे करा. एक सोपी रीत: निम्मं भाडं हॉल-किचनचं धरून सारखं वाटायचं, उरलेलं निम्मं बेडरूमचं. ४५,००० पैकी २२,५०० चे तीन भाग केले की माणशी ७,५००. उरलेल्यातले १२,५०० अटॅच बाथरूमवाल्या मोठ्या खोलीचे, १०,००० दुसऱ्या खोलीचे. मोठ्या खोलीत एकटा राहणारा २०,००० देईल, दुसऱ्या खोलीतले दोघं प्रत्येकी १२,५००. डिपॉझिटही त्याच प्रमाणात: ६६,६६६ आणि प्रत्येकी ४१,६६७.

मग एका कागदावर हे लिहा, तिघांनी सह्या करा, फोटो काढून ग्रुपवर टाका. मसुदा असा चालेल:

> आम्ही तिघे या घरात १ जुलैपासून राहत आहोत. भाडं आणि डिपॉझिट यातला प्रत्येकाचा वाटा खाली लिहिला आहे. भाडं प्रत्येकाने ३ तारखेच्या आत भरायचं. घर सोडणाऱ्याने किमान ३० दिवस आधी ग्रुपवर लिहून कळवायचं. बदली माणूस शोधणं ही त्याची जबाबदारी. निवड राहणाऱ्या दोघांच्या संमतीने. माणूस मिळाला नाही तर निघाल्यानंतर आणखी ३० दिवसांचं भाडं त्याने द्यायचं, पुढचं राहणाऱ्यांनी. त्याच्या डिपॉझिटचा वाटा नवा माणूस आल्यावर किंवा निघाल्यापासून ६० दिवसांत, जे आधी होईल तेव्हा, बाकी बिलं आणि त्याने केलेलं नुकसान वजा करून द्यायचा. लॉक-इन मोडून सगळ्यांनाच घर सोडावं लागलं, तर ज्याच्यामुळे सोडावं लागलं त्याने तो दंड भरायचा.

दिवसांचे आकडे तुमच्या सोयीने बदला, पण आकडे असू द्या. ‘समजुतीने बघू’ असं लिहू नका.

मध्येच माणूस बदलतो तेव्हा सगळ्यात जास्त घोटाळा होतो, म्हणून नीट समजून घ्या. नवा येतो आणि जाणाऱ्याला त्याचे ४१,६६७ देऊन टाकतो. मालकाच्या कागदावर मात्र जुनंच नाव राहतं. वर्षाने घर सोडताना मालक म्हणतो, मी पैसे ज्यांच्याकडून घेतले त्यांनाच देणार. हे टाळायला त्याच दिवशी मालकासह सगळ्यांना एक मेसेज करा, की अमक्याचा डिपॉझिटमधला इतका वाटा आजपासून तमक्याचा, आणि मालकाचं ‘मान्य आहे’ असं उत्तर घ्या. नोंदलेल्या करारात नाव नुसतं खोडून बदलता येत नाही. नवा करार नोंदवून घेणं हाच खरा उपाय, आणि त्याचा खर्च कुणी करायचा हे वरच्या कागदावर आधीच लिहून ठेवा.

आणि तुम्ही स्वतः चालू घरात नवे म्हणून जात असाल, तर पैसे देण्याआधी चालू करार बघा, शेवटची तीन वीजबिलं बघा, आधीचा का गेला ते त्यालाच फोन करून विचारा, आणि घरातल्या मोडतोडीचे फोटो काढा. तुटलेलं कपाटाचं दार, डाग पडलेली गादी, फुटलेली टाइल. हे नुकसान जाणाऱ्याच्या वाट्यातून आत्ताच वजा करायला लावा. नाहीतर आधीच्यांनी केलेलं सगळं शेवटी तुमच्या डिपॉझिटमधून जातं.

महिन्याचा खर्च

वाय-फाय, बाई, पिण्याचं पाणी, गॅस सारखं वाटा. हिशेब स्प्लिटवाइज या अ‍ॅपवर ठेवा किंवा फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर, पण महिन्याच्या शेवटी शून्य करा.

विजेचं वेगळं आहे, कारण युनिट वाढले की वरच्या टप्प्याचा दर लागतो. दीड टनाचा एसी तासाला साधारण एक ते दीड युनिट खातो. रोज आठ तास चालवला तर महिन्याला २४० ते ३६० युनिट. एसीशिवाय ज्या घराचे दीडशे युनिट होत होते ते एकदम चारशे-पाचशेवर जातं. म्हणून एसी नसलेल्या महिन्यांचं सरासरी बिल तिघांत सारखं वाटावं आणि त्यावरची सगळी वाढ एसीच्या खोलीत राहणाऱ्यांनी द्यावी. हे मार्चमध्येच ठरवा, मे महिन्याचं बिल हातात आल्यावर नाही.

सोडताना

राहायला येता त्या दिवशी आणि सोडता त्या दिवशी वीज मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा, आणि रिकाम्या घराचा एक सलग व्हिडिओ. नोटीस लेखी द्या. शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करायचं असेल तर मालकाची लेखी संमती घ्या. परस्पर भाडं थांबवलं तर करार तुम्ही मोडल्यासारखं होतं. दोन आठवडे आधी मालकाला घर दाखवून काय दुरुस्त करायचं ते विचारा. नळाचा वायसर, उडालेला बल्ब स्वतः बदलला तर शे-दोनशेत होतो. मालकाने कापून घेतला तर हजारात. डिपॉझिट प्रत्येकाच्या खात्यात वेगवेगळं टाकायला सांगा आणि किल्ली द्यायची ती पैसे जमा झाल्याचा मेसेज आल्यावर. मालक ‘आठवड्याने देतो’ म्हणाला तर रक्कम आणि तारीख त्याच्याकडून लिहून घ्या. ती तारीख उलटली तर वकिलामार्फत नोटीस पाठवा. नोंदलेला करार आणि व्यवहारांचे क्रमांक हाताशी असले की बऱ्याचदा तेवढ्यावर काम होतं.